शंभर पाउंडी लाँगबोला बाण कसा बनवायचा

जड धनुष्य, म्हणजे ओढायला खूप जोर लागणारं, विकत घेता येतं, पण त्याला साजेसे बाण सहसा तयार मिळत नाहीत. दुकानात टांगलेले लाकडी बाण ३० ते ५० पाउंडांच्या धनुष्यांसाठी असतात. ते शंभर पाउंडांच्या धनुष्यावर चढवले तर बाण तर वाया जातोच, वर धनुष्याला तडा जाऊ शकतो आणि तुमच्या हातालाही इजा होऊ शकते. मी इंग्लंडमध्ये राहतो आणि इथल्या क्लबात इंग्लिश लाँगबो (माणसाच्या उंचीचं लांब लाकडी धनुष्य) चालवतो. क्लबात येणारी नवी मंडळी, त्यात आपली मराठी पोरंही आली, सगळी एकच प्रश्न विचारतात: "कुठलं लाकूड घेऊ?" माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे. पहिला पाउंडेजचा, म्हणजे धनुष्य पूर्ण ओढायला किती पाउंड जोर लागतो त्याचा, दुसरा बाणाच्या वजनाचा. हे दोन सुटले की लाकूड जवळजवळ आपोआप ठरतं.

हा लेख ८० पाउंडांच्या वरच्या धनुष्यांसाठी आहे. तुम्ही अजून ४०-५० वर असाल तर घाई नको. आधी पाठीने ओढायची सवय लागू द्या.

काय काय लागेल

- सोनाराचा असतो तसा डिजिटल काटा, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा
- व्हर्निअर कॅलिपर
- बारीक दातांची करवत, दोन-तीन हेक्सॉ ब्लेड, चपटी आणि गोल कानस
- छोटा रंधा, ८० ते ३२० नंबरचे पॉलिश पेपर
- बाणाची दांडी धरायला मधोमध व्ही आकाराची खाच असलेली लांब फळी
- दोन भागांचा इपॉक्सी (अराल्डाइट चालतं) आणि लाकडाचा गोंद
- म्हशीच्या शिंगाची पातळ पट्टी, रेशमी किंवा लिननचा दोरा, पिसं, टोकं
- धुळीचा मास्क, तोही चांगला. शिंगाची पूड नाकात जाऊ देऊ नका.

कागदपत्रांचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये धनुष्य बाळगायला परवाना लागत नाही. पण विमा असलेल्या क्लबाचं सदस्यत्व घ्या आणि जड धनुष्य चालवण्यापूर्वी मैदानाच्या जबाबदार माणसाला विचारा. बऱ्याच क्लबांची मैदानं आणि लक्ष्याच्या गाद्या हलक्या धनुष्यांचा विचार करून ठेवलेल्या असतात.

१. खरं पाउंडेज मोजा

धनुष्यावर "१०० @ ३२" असं लिहिलेलं असतं, म्हणजे ३२ इंच ओढल्यावर १०० पाउंड. तुम्ही ३२ ओढता का? बहुतेक नवशिके २९-३० वरच थांबतात आणि आपण १०० पाउंड ओढतोय अशा समजात असतात. एका लांब बाणावर इंचाच्या खुणा करा, पूर्ण ओढा, आणि धनुष्याच्या बाहेरच्या कडेशी कुठली खूण आली ते मित्राला बघायला सांगा. स्वतः बघू नका. मान वळवली की ओढ बदलते.

मग तेवढ्या लांबीला वजन मोजा. सामानाचे लटकते काटे पुष्कळदा ५० किलोपर्यंतच असतात, म्हणजे ११० पाउंडांच्या आसपास संपतात. धनुष्य त्याहून जड असेल तर क्रेनला लावतात तसला काटा लागेल. तो क्लबात कुणाकडे तरी असतोच.

२. बाणाचं वजन ठरवा

तिरंदाज बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. हिशोब असा असतो की धनुष्याच्या दर पाउंडामागे बाणाला किती ग्रेन. मी जड लाँगबोला ९ धरतो. ८ च्या खाली जाऊ नका, आणि १०-११ झाले तरी काही बिघडत नाही, फक्त बाण थोडा जवळ पडतो.

ग्रेनच्या भानगडीत पडायचं नसेल तर पाउंडांना ०.५८ ने गुणा. जे येईल ते ग्रॅम. ८० पाउंडांना सुमारे ४६ ग्रॅम, १०० ला ५८, १२० ला ७०. हे वजन टोक, पिसं, दोरा, शिंग सगळं धरून, पूर्ण बाणाचं.

कमी वजनाचं इतकं भय कशासाठी? ओढलेल्या धनुष्यात साठलेली ताकद बाणाने घेऊन जायची असते. बाण हलका असला की तो तिचा मोठा वाटा घेऊच शकत नाही, आणि उरलेली ताकद धनुष्याच्या भुजांमध्ये (मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांत) आणि दोरीत धक्क्याच्या रूपाने परत येते. बाण न लावता दोरी सोडल्यावर जे होतं, त्याचाच हा सौम्य प्रकार. एकाच लाकडातून घडवलेल्या धनुष्याला असे धक्के मानवत नाहीत.

३. लाकूड आणि जाडी

आता तो तिसरा प्रश्न. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचं मेरी रोझ हे युद्धनौकांमधलं नावाजलेलं जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं गेलं. त्यात सुमारे ३,५०० बाण सापडले. पोर्ट्समथच्या संग्रहालयात त्यातले काही बघायला मिळतात. त्यांतल्या बहुतेकांचं लाकूड पॉप्लर आहे, म्हणजे हलकं आणि मऊ. जड बाणाला जड लाकूडच हवं हा समज तिथेच गळून पडतो. वजन जाडीतूनही येतं.

आज सहज मिळणारी लाकडं तीन: अ‍ॅश, बर्च आणि पॉप्लर. नव्या माणसाला मी अ‍ॅश सुचवतो. ते चिवट असतं, रेषा स्पष्ट दिसतात आणि मोडायच्या आधी बहुधा आवाज देतं. बर्च एकसारखं असतं, जुळणीला बरं. पॉप्लर हलकं असल्याने दूर जातं, पण दगडावर आपटलं की टोकामागे चिरडतं.

जाडीचे तीन ठरावीक आकार आहेत: ९.५ मिमी (३/८ इंच), ११.१ मिमी (७/१६) आणि १२.७ मिमी (अर्धा इंच). ९.५ वरून १२.७ वर गेलात की वजन पावणेदोन पट होतं, पण ताठपणा तिपटीहून वाढतो. दांडीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, वजन मात्र दुसऱ्या घाताने. म्हणून अर्ध्या इंचाची सरळ दांडी १०० पाउंडांच्या धनुष्यालाही फार ताठ पडते, आणि ९.५ ची बहुधा मऊ पडते. जुन्या कारागिरांचा उपाय म्हणजे टोकाकडे जाड आणि खाचेकडे, म्हणजे दोरी अडकते त्या मागच्या बाजूकडे, निमुळती दांडी.

वजनाचा अंदाज कसा घ्यायचा ते अ‍ॅशवर बघू. टोकाला १२.७, खाचेला ९.५, लांबी ३२ इंच अशी निमुळती दांडी सुमारे ५४ ग्रॅम भरते. टोक १३ ग्रॅम, पिसं-दोरा-शिंग मिळून ५. एकूण ७२. म्हणजे ११०-१२० पाउंडांच्या धनुष्याला हा बाण चपखल आहे आणि १०० ला जरा जड, पण सुरक्षित. हीच दांडी पॉप्लरची केली तर ३३ ग्रॅमच्या आसपास येते आणि पूर्ण बाण ५१ वर थांबतो. १०० पाउंडांना तो काठावर, १२० ला नकोच.

दांड्या मागवताना ३६ इंची मागा. ३२ इंच ओढायची तर खाच, टोकात जाणारा भाग आणि बोटांपुढची सुरक्षित जागा धरून ३२ इंची दांडी पुरत नाही. ओढताना टोक धनुष्याच्या आत आलं तर बाण हातात घुसतो. बारा हवे असतील तर वीस मागवा. "जुळवलेला संच" म्हणून पाठवलेल्या दांड्यांच्या वजनांत दहा-बारा ग्रॅमचा फरक निघालेला मी पाहिलाय.

४. ताठपणा मोजा

बाजारातलं यंत्र महाग असतं. घरी करायचं तर फळीवर दोन खिळे ६६० मिमी (२६ इंच) अंतरावर ठोका, दांडी त्यांवर आडवी ठेवा आणि मधोमध ९०७ ग्रॅम (२ पाउंड) टांगा. पाण्याची बाटली काट्यावर ठेवून नेमकी ९०७ पर्यंत भरली तरी काम होतं. दांडी मध्ये किती मिलिमीटर खाली गेली ते व्हर्निअरने मोजा. ६६० ला त्या आकड्याने भागा, झाला ताठपणा पाउंडांत. ६.६ मिमी वाकली तर १००, ८.३ वाकली तर ८० च्या जवळ.

तुमच्या खऱ्या पाउंडेजइतका ताठपणा घेऊन सुरुवात करा, दहा इकडे-तिकडे चालतील. लाँगबोमध्ये बाण धनुष्याच्या बाजूने वळसा घालून जातो, म्हणून थोडा मऊ हवा. पण लांब ओढ आणि जड टोक यांना ताठ हवा. दोन्ही एकमेकांना साधारण खोडतात. संचातल्या बाणांमध्ये मात्र पाच पाउंडांपेक्षा जास्त फरक नको.

कार्बनच्या दांड्यांवरचा "३००" वगैरे आकडा वेगळ्या मापाचा असतो: २८ इंच अंतर आणि ८८० ग्रॅम. लाकडाच्या मापात ३०० म्हणजे सुमारे १०५ पाउंड. तुलना करताना दोन्ही मापं सरमिसळ करू नका.

५. रेषा तपासा, दांडी सरळ करा

दांडी खिडकीजवळ धरून फिरवा. दोन बाजूंना लांब समांतर रेषा दिसतील आणि त्यांच्या काटकोनात ज्वाळांसारखे टोकदार आकार. समांतर रेषा दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत जात असतील तर उत्तम. मध्येच काठावर येऊन तुटत असतील तर तिथे ती दांडी मोडणार. शंभर पाउंडांवर अशी दांडी चालवायची नाही, ती कुंडीतल्या टोमॅटोला आधार म्हणून लावा. गाठ असेल तरीही तेच.

बाकीच्या दांड्या काचेच्या टेबलावर लोळवा. जिथे उडी मारतात तिथे पेन्सिलने खूण करा, हॉट एअर गनने लाकूड गरम करा (करपू देऊ नका), उलट दिशेने किंचित जास्त वाकवा आणि गार होईपर्यंत धरून ठेवा. पहिली सरळ करायला अर्धा तास जाईल. पुढच्या लवकर होतात.

६. निमुळती करा

व्ही खाचेच्या फळीत दांडी ठेवा, रंधा खाचेच्या टोकाकडे चालवा आणि दर फटक्याला दांडी थोडी फिरवा. दर १० सेंटिमीटरवर हवी ती जाडी आधी पेन्सिलने लिहून ठेवलीत तर व्हर्निअर लावून तपासणं सोपं जातं. अर्धा मिलिमीटर शिल्लक ठेवून पॉलिश पेपरवर या. दांडी ड्रिलमध्ये अडकवून चामडी हातमोज्यातल्या पॉलिश पेपरमधून फिरवली की काम झरझर होतं. फक्त ड्रिल सावकाश ठेवा, लांब दांडी जोरात फिरली तर चाबकासारखी उसळते.

७. खाच आणि शिंगाची पट्टी

सगळ्या कामात इथे वेळ घाला. सोडताक्षणी धनुष्याची सगळी ताकद या अर्ध्या इंचात येते. दोरी खाचेच्या तळावर पाचरीसारखी आपटते आणि दांडी उभी चिरू पाहते. म्हणून दोन गोष्टी: खाच लाकडाच्या रेषांना आडवी कापायची, आणि चिरेच्या वाटेत शिंगाची पट्टी आडवी घालायची.

आधी पट्टी, मग खाच. दांडीचं मागचं तोंड बघा; वाढीच्या वलयांच्या रेघा तिथे दिसतील. त्या रेघांना समांतर, अगदी मधून, दोन इंच खोल उभी चीर करवतीने पाडा. दोन हेक्सॉ ब्लेड टेपने एकत्र चिकटवली तर पट्टीच्या जाडीची चीर एका दमात पडते. दांडीला चीर संपते तिथे आधीच दोरा आवळून ठेवा, म्हणजे ती पुढे फाटत नाही. शिंगाची पट्टी सुमारे २ मिमी जाडीची, रुंदीला दांडीच्या जाडीहून थोडी जास्त. आत सरकताना बोटांना हलका विरोध जाणवायला हवा. ठोकावी लागली तर जाड आहे, ती लाकूड फाडेल. सहज पडली तर पातळ आहे. इपॉक्सी चिरेच्या तळापर्यंत पोहोचवायला पातळ पत्र्याचा तुकडा वापरा, पट्टी बसवा, वरून दोऱ्याने करकचून गुंडाळा आणि रात्रभर सोडा. सकाळी बाहेर आलेलं शिंग कानशीने दांडीच्या गोलाईत आणा.

आता खाच. ती पट्टीच्या काटकोनात, सुमारे १२ मिमी खोल. तळ गोल कानशीने गोल करा, कोपरे ठेवले तर तिथूनच चिरा जातात. तळाशी शिंगाची काळी पट्टी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलेली दिसली म्हणजे जमलं. दोरीवर बाण लावून लटकवा: आपल्या वजनाने राहावा आणि दोरीवर टिचकी मारली की पडावा. जड धनुष्याची दोरी जाड असते, म्हणून खाच तुमच्याच दोरीला लावून कापा.

प्लास्टिकच्या तयार खाचा हलक्या धनुष्यांना ठीक आहेत. या वजनाला मी त्या लावत नाही आणि कुणाला लावूही देत नाही.

वरच्या बाजूला दिसणाऱ्या ज्वाळांची टोकं लक्ष्याकडे असू देत. दांडी मोडलीच तर फाटा हाताच्या वरून निघून जातो. म्हणून कुठलं टोक पुढे, कुठलं मागे, हे निमुळती करण्यापूर्वीच ठरवा.

८. टोक

इतिहासाचं वेड असलेल्यांना लोहाराने घडवलेली लांब बॉडकिन (सुईसारखी अणकुचीदार) टोकं हवी असतात. दिसतात झकास, पण क्लबातल्या गाद्यांमध्ये ती अडकतात, निघत नाहीत, आणि अनेक मैदानांवर चालतच नाहीत. सरावाला दांडीइतक्याच जाडीचं साधं पोलादी किंवा पितळी टोक घ्या. वजनाचा शेवटचा हिशोब इथेच जुळतो: दांडी हलकी निघाली तर टोक जड घ्या.

दांडीचं तोंड टोकाच्या आतल्या उतारासारखं तासा आणि हॉट ग्लूने बसवा. पुढे बदलायचं झालं तर गरम करून निघतं. घडवलेल्या टोकाला इपॉक्सी आणि आरपार एक बारीक खिळा.

९. पिसं आणि दोरा

पूर्वी हंसबदकाची, म्हणजे गूजची पिसं असत, आता बहुतेक जण टर्कीची वापरतात. नियम एक: एका बाणाची तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची. डावं-उजवं मिसळलं की बाण गोंधळतो. जड बाणाला सहा-सात इंच लांब पिसं लागतात, पाऊण इंच उंच.

खाचेच्या मागच्या टोकापासून सव्वा इंच सोडून पिसं सुरू करा, नाहीतर बोटांत येतात. एक पीस खाचेच्या काटकोनात, धनुष्यापासून बाहेर. बाकी दोन समान अंतरावर. आधी गोंदाने चिकटवा, मग पुढच्या टोकापासून दोरा गुंडाळत मागे या. पिसाचे केस सुईने विलग करायचे आणि दोरा थेट दांडीवर बसवायचा, दर चार-पाच मिलिमीटरला एक वेढा.

पुढच्या टोकाशी दहा-बारा वेढे जवळजवळ घाला आणि त्यावर गोंदाचा हात फिरवा. लाँगबोमध्ये बाण तुमच्या मुठीवरून घसटत जातो. पिसाचं टोकदार कांडं तिथे सुटलेलं असेल तर ते मुठीत शिरतं, आणि खोल शिरतं. दर वेळी बाण लावण्यापूर्वी या जागेवरून अंगठा फिरवायची सवय लावा.

दांडीला उकळलेलं जवसाचं तेल किंवा लाखेचं पॉलिश, दोन हात. पिसांना तेल लागू देऊ नका.

१०. जुळणी आणि पहिली फेक

सगळे बाण काट्यावर घ्या, वजन बारीक अक्षरात दांडीवर लिहा, क्रमांक घाला. संचातला फरक दोन ग्रॅमच्या आत असला तर झकास.

पहिल्यांदा जवळून, १५-२० यार्डांवरून, मागे उंच बांध असेल तिथेच. डोळ्याला चष्मा, मुठीला चामडी हातमोजा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बाण सतत डावीकडे जात असतील तर दांडी ताठ आहे, उजवीकडे तर मऊ. अंगठ्याने ओढायच्या आशियाई पद्धतीत बाण धनुष्याच्या दुसऱ्या बाजूला असतो, तिथे हे उलटं. ताठ असेल तर टोक जड करा, किंवा मागची बाजू पॉलिश पेपरने थोडी आणखी उतरवा. मऊ असेल तर हलकं टोक लावा, वजनाची खालची मर्यादा सांभाळून.

प्रत्येक फेरीनंतर बाण दोन्ही हातांत धरून, कानाजवळ, चारी दिशांना हळूच वाकवा. बारीक "कट्" ऐकू आलं तर तो बाण तिथेच मोडून टाका. बाजूला ठेवलात तर कुणीतरी उचलून लावतो. टोक काढून घ्या, ते पुन्हा लागतं.

महाराष्ट्रात करत असाल तर

अ‍ॅश मिळणं कठीण. पण आपल्याकडे तिरकामठ्याची परंपरा जिवंत आहे. सातपुड्यातले भिल्ल बांबूचं धनुष्य करतात आणि त्याची दोरीही बांबूच्याच पातळ पट्टीची असते. बांबूचा बाण वजनाला हलका पडतो, म्हणून जड धनुष्याला भरीव बांबू बघा, सावलीत काही महिने वाळवा, आणि पुढच्या भागात जड लाकडाचा तुकडा बसवून वजन भरा. खाच पेराच्या गाठीच्या लगेच मागे येईल अशी कापा, म्हणजे चीर पुढे गेली तरी गाठीशी अडते. ताठपणा आणि वजनाचे वरचे आकडे इथेही तेच.

पिसांसाठी मोराच्या वाटेला जाऊ नका. तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. १९७२ च्या त्याच कायद्यात धनुष्यबाण "शस्त्र" या व्याख्येत येतो, आणि अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही. ट्रेकला जाताना गाडीच्या डिकीत धनुष्य पडलेलं असेल तर ते आधी घरी काढून ठेवा. विमानात धनुष्यबाण केबिन बॅगेत चालत नाही. कडक नळीत घालून चेक-इन करा आणि तिकीट काढतानाच विमान कंपनीला लांबी सांगून ठेवा, कारण ३६ इंची दांड्यांची नळी नेहमीच्या सुटकेसमध्ये मावत नाही.